पानांच्या अर्काचे जेल: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

त्वचेच्या दाहावर पानांच्या अर्काचे जेल बनवणाऱ्या आणि तपासणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: कार्बोपोल ९४० चे जेल छान घट्ट आणि नितळ झाले होते. निर्गुडीच्या पानांचा अर्क मिसळला आणि ते सरबरीत झाले. ट्रायइथेनॉलअमाइन (जेल घट्ट करणारे अल्कली) वाढवून पाहिले, उपयोग झाला नाही. काय चुकते आहे?

उत्तर: आधी पीएच मोजा. पुढचे सगळे त्यावर ठरते.

कार्बोपोल म्हणजे पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाच्या एकमेकांना जोडलेल्या लांब साखळ्या. अल्कली घातले की साखळीवरच्या आम्लगटांवर ऋणभार येतो, सारखे भार एकमेकांना ढकलतात, साखळी उलगडते आणि पाणी धरून ठेवते. घट्टपणा येतो तो असा. पानांचा अर्क हे दोन रीतींनी बिघडवतो. एक तर तो आम्लधर्मी असतो आणि पीएच खाली ओढतो. दुसरे म्हणजे त्यात पोटॅशियम आणि कॅल्शियमचे क्षार असतात. हे धनभार साखळीवरचा ऋणभार झाकून टाकतात आणि साखळी पुन्हा गुंडाळली जाते. कॅल्शियमसारखे दोन भारांचे आयन यात जास्त त्रासदायक.

पीएच ५ च्या खाली गेला असेल तर कारण पहिले आहे. ट्रायइथेनॉलअमाइन थेंबाथेंबाने घालून ५.५ ते ६.५ वर आणा, घट्टपणा परत येईल. पीएच ६ च्या वर असूनही जेल पातळ असेल तर कारण क्षार आहेत, आणि अशा वेळी आणखी अल्कली घालणे म्हणजे आणखी आयन घालणे. तुमच्या बाबतीत हेच झालेले दिसते.

खात्री करायची असेल तर अर्काची एकूण राख, म्हणजे तो जाळल्यावर उरणारे क्षार, काढा. नुसत्या पाण्यात काढलेल्या अर्कात राख जास्त निघते, ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये काढलेल्यात कमी. म्हणून पहिला उपाय अर्कापाशीच करावा: पाण्याऐवजी जलमिश्रित इथेनॉल वापरा. मग कार्बोपोल १ वरून १.२५ किंवा १.५ टक्के करून पाहा. तरीही जमले नाही तर हट्ट सोडून भाररहित पॉलिमरकडे वळा. हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज २ टक्के किंवा एचपीएमसी (हायड्रॉक्सीप्रोपाइल मिथाइल सेल्युलोज) के४एम २ ते ३ टक्के यांना क्षारांचा फारसा त्रास होत नाही. मात्र अर्कात टॅनिन भरपूर असेल तर एचपीएमसीबरोबर ते गढूळ होऊ शकते, कधी साकाही बसतो.

हे सगळे १०० ग्रॅमच्या घाण्यावर करून पाहू नका. तयार ब्लँक जेलचे, म्हणजे अर्क न घातलेल्या जेलचे, ५ ग्रॅमचे तीन भाग घ्या. त्यात ०.०५, ०.१ आणि ०.२ ग्रॅम अर्क मिसळा, म्हणजे साधारण १, २ आणि ४ टक्के झाले. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी बाटली आडवी केली की कोणत्या प्रमाणाला जेल वाहते ते दिसतेच.

प्रश्न: १०० ग्रॅम जेलसाठी प्रमाण आणि घटक घालण्याचा क्रम सांगाल का? आमच्याकडे गाठी राहतात आणि हवेचे बुडबुडे जात नाहीत.

उत्तर: सुरुवातीसाठी हे प्रमाण घ्या: कार्बोपोल ९४० १ ग्रॅम, सुका अर्क २ ग्रॅम, प्रॉपिलीन ग्लायकॉल १० ग्रॅम, मिथाइल पॅराबेन ०.१८ ग्रॅम, प्रोपाइल पॅराबेन ०.०२ ग्रॅम (दोन्ही पॅराबेन जंतुरक्षक), डायसोडियम ईडीटीए ०.०५ ग्रॅम, ट्रायइथेनॉलअमाइन गरजेपुरते, शुद्ध पाणी एकूण १०० ग्रॅम होईपर्यंत. सगळे वजनानेच घ्या. घट्ट जेल मापनपात्रात मोजता येत नाही.

सुमारे ७० ग्रॅम पाण्यात ईडीटीए विरघळवा. तोही क्षारच आहे, म्हणून हात सैल सोडू नका. ढवळणी चालू ठेवून पाण्यात पडणाऱ्या भोवऱ्याच्या कडेवर कार्बोपोल बारीक चाळणीतून भुरभुरवा. एकदम ओतले की दाण्यांचा बाहेरचा थर फुगतो, आत कोरडी भुकटी अडकते आणि माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी तयार होतात. या गाठी नंतर कितीही ढवळल्या तरी फुटत नाहीत. मिश्रण झाकून रात्रभर भिजू द्या. या टप्प्यावर ते पातळ आणि आम्लधर्मीच असते, आणि त्यातली हवा सहज वर येऊन निघून जाते.

पॅराबेन थंड पाण्यात नीट विरघळत नाहीत. प्रॉपिलीन ग्लायकॉल ५० ते ६० अंश सेल्सिअसला कोमट करून त्यात ते पूर्ण विरघळवा, मग थंड होऊ द्या. याच द्रावणात अर्क घोटून घ्या आणि बारीक कापडातून गाळा. गाळणीवर राहिलेला चोथा वाळवून त्याचे वजन करा. तो जितका असेल तितका अर्क तुमच्या जेलमध्ये कमी आहे. कागदावर २ टक्के लिहून प्रत्यक्षात १.६ टक्के असलेली जेल अशीच तयार होतात.

अर्काचे द्रावण भिजलेल्या कार्बोपोलमध्ये हळू ढवळत मिसळा, पाण्याने वजन ९७ ग्रॅमपर्यंत आणा आणि शेवटी ट्रायइथेनॉलअमाइन घाला. ते पाण्यात निम्मे पातळ करून घेतले तर एकाच जागी घट्ट गोळा होत नाही. १ ग्रॅम कार्बोपोलला साधारण १.३ ते १.५ ग्रॅम लागते, पण अर्क किती आम्लधर्मी आहे त्यावर आकडा हलतो. वजनाकडे न पाहता पीएचकडे पाहा. जेल घट्ट व्हायला लागले की वेगवान ढवळणी बंद. या टप्प्यावर शिरलेली हवा बाहेर पडत नाही आणि जोराच्या घुसळणीने साखळ्या तुटून घट्टपणा कायमचा उतरतो. राहिलेले बुडबुडे निर्वातपात्रात किंवा कमी वेगाच्या सेंट्रिफ्यूजमध्ये काढा.

अर्क विरघळत नाही म्हणून पॉलिसॉर्बेट ८० सढळ हाताने वापरण्याची सवय अनेक प्रयोगशाळांत आहे. ती टाळावी. पॉलिसॉर्बेटचे सूक्ष्म कण पॅराबेनला पोटात घेतात, ते जंतूंपर्यंत पोहोचत नाही आणि जंतुरक्षकाचे प्रमाण कागदोपत्री बरोबर असूनही जेलला बुरशी लागते. बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे धनभारी रक्षकही कार्बोपोलबरोबर चालत नाहीत, दोघे एकमेकांना बांधून साका करतात.

प्रश्न: हिरवे जेल ४० अंशाला महिनाभर ठेवले तर तपकिरी झाले. अर्क खराब झाला असे समजायचे का?

उत्तर: रंगावरून निकाल देऊ नका. आम्लधर्मी माध्यमात क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम अणू निघून जातो आणि हिरवा रंग शेवाळी-तपकिरी होतो. तुमचे औषधी घटक तेव्हा शाबूत असू शकतात. उलट पीएच ७ च्या वर गेला असेल तर पॉलिफिनॉलचे ऑक्सिडीकरण होऊनही जेल काळपटते, आणि ते खरे नुकसान आहे. फरक मार्कर घटकाच्या, म्हणजे त्या वनस्पतीची ओळख ठरवणाऱ्या घटकाच्या, मोजणीनेच कळतो: निर्गुडीत अ‍ॅग्नुसाइड, मंडूकपर्णीत एशियाटिकोसाइड, अडुळशात व्हॅसिसिन. शून्य दिवशी किती होते आणि आज किती आहे ते पाहा.

क्लोरोफिल मुळातच नको असेल तर वाळलेली पूड इथेनॉलमध्ये घालण्याआधी पेट्रोलियम इथरने धुऊन घ्या. बराचसा हिरवा रंग आणि मेण निघून जाते. मात्र तुमचा उपयोगी घटक स्निग्ध असेल, उदाहरणार्थ तुळशीतले युजेनॉल, तर तोही त्याबरोबर जाईल.

प्रश्न: अर्कयुक्त जेलमधील घटकाचे प्रमाण ११८ टक्के येते. विसरणाच्या प्रयोगातही (घटक जेलमधून पडद्यापार खालच्या द्रवात किती झिरपतो ते पाहताना) सहा तासांत १०० टक्क्यांहून जास्त घटक बाहेर पडलेला दिसतो. हे कसे शक्य आहे?

उत्तर: शक्य नाही. तुम्ही अर्काबरोबर आणखी काहीतरी मोजता आहात. तुमच्या पत्रात पद्धत दिली आहे: फोलिन-सिओकाल्टू अभिकर्मक, ७६५ नॅनोमीटर, गॅलिक आम्ल समतुल्य. पद्धत चांगली आहे, पण ती फक्त पानांतले फिनॉल ओळखत नाही. मिथाइल पॅराबेन स्वतःच एक फिनॉल आहे. ट्रायइथेनॉलअमाइन हे तृतीयक अमाइन आहे आणि अशी अमाइन या अभिकर्मकाला निळा रंग देऊ शकतात. दोन्ही तुमच्या जेलमध्ये अर्काखेरीज हजर आहेत. थेट यूव्हीवर मोजले तरी सुटका नाही: पॅराबेनचे कमाल शोषण २५६ नॅनोमीटरच्या आसपास असते आणि फ्लेव्होनॉइडचा एक पट्टा नेमका तिथेच येतो.

म्हणून ब्लँक जेल लागते. तेच कार्बोपोल, तेच पॅराबेन, तितकाच पीएच, फक्त अर्क नाही. त्याचे तितकेच वजन, तीच विद्रावक प्रक्रिया, तोच विरलन गुणांक. त्याचे शोषण नमुन्यातून वजा करा. विसरणाच्या प्रयोगात एक सेल ब्लँक जेलचा ठेवा आणि प्रत्येक वेळेचा त्याचा आकडा त्याच वेळेच्या नमुन्यातून वजा करा, कारण पॅराबेनही पडद्यातून झिरपत असते. वजाबाकी मोठी येत असेल तर मोजणी एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) न्या आणि एकच मार्कर मोजा.

घटक जेलमधून पूर्ण बाहेर येतो की नाही तेही तपासा. १ ग्रॅम जेल थेट मिथेनॉलमध्ये टाकले तर त्याचे चिवट तुकडे होतात आणि आतला अर्क आतच राहतो. चिमूटभर मीठ घातले की कार्बोपोल लगेच कोसळते. जेल बनवताना जे क्षार शत्रू होते ते इथे कामाला येतात. नंतर ५० मिलीपर्यंत मिथेनॉल, अर्धा तास सोनिकेशन, सेंट्रिफ्यूज आणि वरचा नितळ भाग मोजणीसाठी. ब्लँक जेलमध्ये मार्करचे माहीत असलेले वजन मिसळून हीच प्रक्रिया करा. ९५ ते १०५ टक्के परत मिळाले तर पद्धतीवर विसंबायला हरकत नाही.

फ्रान्झ सेलमध्ये, म्हणजे विसरणाच्या प्रयोगाच्या काचपात्रात, आकडे बिघडण्याची आणखी दोन कारणे आहेत. पडद्याखाली बुडबुडा राहिला की तेवढे क्षेत्रफळ मोजणीतून गेले. बफर आधी वायुमुक्त करा आणि सेल तिरका करून बुडबुडा बाजूच्या नळीतून काढा. दुसरे, काढलेल्या नमुन्याची भरपाई हिशोबात धरायची राहून जाते. समजा खालच्या कप्प्यात १२ मिली द्रव आहे आणि दर वेळी ०.५ मिली काढून तितकेच ताजे बफर घालता. पहिल्या नमुन्यात १० आणि दुसऱ्यात २० मायक्रोग्रॅम प्रति मिली आले, तर दुसऱ्या वेळेपर्यंत बाहेर पडलेला घटक २० गुणिले १२ अधिक १० गुणिले ०.५, म्हणजे २४५ मायक्रोग्रॅम. १५ मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ १.७७ चौरस सेंटिमीटर, त्याने भागले की १३८ मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. पडद्यापाशी तापमान ३२ अंश ठेवा, त्वचेचा पृष्ठभाग तितकाच असतो. कमी विद्राव्य फ्लेव्होनॉइडसाठी बफरमध्ये २० ते ३० टक्के इथेनॉल चालते. त्याहून जास्त घातले तर ते पडद्यातून उलटे जेलमध्ये शिरते आणि प्रयोगाला अर्थ राहत नाही.

प्रश्न: अंड्यातील अल्ब्युमिनच्या चाचणीत आमच्या अर्काने डायक्लोफेनॅकच्या जवळपास परिणाम दाखवला. ‘दाहशामक’ असे लिहिता येईल का?

उत्तर: नाही. ही चाचणी उष्णतेने प्रथिन गोठण्याला अर्क किती अडवतो एवढेच सांगते. नमुने चाळण्यासाठी ती स्वस्त आणि सोपी आहे, त्यापुढे तिचे म्हणणे ताणू नये.

नेहमीच्या रीतीत ०.२ मिली अल्ब्युमिन, पीएच ६.४ चे २.८ मिली फॉस्फेट बफर आणि २ मिली अर्क घेऊन ३७ अंशाला १५ मिनिटे, मग ७० अंशाला ५ मिनिटे ठेवतात आणि ६६० नॅनोमीटरवर गढूळपणा मोजतात. तापवण्याआधी नळ्या उजेडासमोर धरून पाहा. टॅनिनयुक्त अर्काने काही नळ्या आधीच दुधाळ झालेल्या असतील, तर ते गोठणे उष्णतेचे नाही आणि तो आकडा फेकून द्यावा. गडद अर्कासाठी अल्ब्युमिन न घातलेली, फक्त बफर आणि अर्काची नळी प्रत्येक तीव्रतेला लावा. तांबड्या पेशींच्या पटलस्थैर्याच्या चाचणीत असाच घोळ सॅपोनिन करतात, ते स्वतःच पेशी फोडतात.

एक पायरी पुढे जायचे तर रॉ २६४.७ या उंदराच्या रोगप्रतिकारक पेशींत दाहात तयार होणारे नायट्रिक ऑक्साइड मोजा. तिथे पेशी जिवंत आहेत का हे आधी दाखवावे लागते, नाहीतर मेलेल्या पेशींनी कमी नायट्रिक ऑक्साइड तयार केले त्यालाच आपण दाह कमी झाला म्हणून बसतो. जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीतही पेशीविरहित खळगे ठेवा, कारण पॉलिफिनॉल एमटीटीला पेशींशिवायही जांभळा रंग देतात.

प्रश्न: प्राण्यांवरील चाचणीसाठी उंदराचा कान घ्यावा की घुशीएवढ्या पांढऱ्या उंदराचा पंजा? गट किती असावेत?

उत्तर: जेल त्वचेच्या दाहासाठी असेल तर कान. कॅराजीनन-पंजा ही पद्धत १९६२ साली विंटर, रिझली आणि नस यांनी मांडली. तीत ०.१ मिली १ टक्का कॅराजीनन तळपायात टोचतात आणि सूज तीन-चार तासांनी कमाल होते. पहिल्या तासाभरात हिस्टामिन आणि सेरोटोनिनचा, पुढे प्रोस्टाग्लँडिनचा जोर असतो. पद्धत भरवशाची आहे, पण सूज खोल ऊतींत असते आणि तळव्याची त्वचा जाड. तिथे परिणाम दिसला नाही तर अर्क निकामी की तो आत पोहोचलाच नाही, हे कळत नाही.

कानाच्या पद्धतीत २० मायक्रोलिटर अ‍ॅसिटोनमध्ये २.५ मायक्रोग्रॅम टीपीए (दाह निर्माण करणारे रसायन) उजव्या कानाच्या दोन्ही बाजूंना लावतात, डाव्या कानाला नुसते अ‍ॅसिटोन. अ‍ॅसिटोन उडाल्यावर जेल. सहा तासांनी ६ मिलिमीटर पंचने दोन्ही कानांचे तुकडे काढून वजनातला फरक घेतात. पंच दोन्ही कानांवर नेमका एकाच जागी बसला पाहिजे. कानाचा बुंधा टोकापेक्षा जाड असतो आणि पंच थोडा सरकला तरी सुजेएवढा फरक पडतो. प्राणी एकेकटे ठेवा, एकत्र असले की एकमेकांच्या कानावरचे जेल चाटतात.

गट निदान पाच लावा: उपचाराविना, ब्लँक जेल, अर्काचे दोन प्रमाण, आणि डायक्लोफेनॅक १ टक्का जेलसारखे प्रमाणित औषध. ब्लँक जेलचा गट प्राणी वाचवायला गाळला तर उरलेले प्राणी वाया गेले असे समजा. पंजाचे उदाहरण घेऊ. तिथे पंजा द्रवात बुडवून त्याचे वाढलेले आकारमान मोजतात. समजा उपचाराविना सूज ०.९५ मिली, ब्लँक जेलने ०.८० आणि अर्काच्या जेलने ०.५२ आली. उपचाराविना गटाशी तुलना केली तर अर्काचा परिणाम ४५ टक्के दिसतो. ब्लँक जेलशी केली तर ३५. मधला फरक थंडाव्याचा, ओलाव्याचा आणि चोळण्याचा आहे, पानांचा नाही. मोजणाऱ्याला गट माहीत नसावेत, आणि अर्काचा रंग गुपित फोडतो, म्हणून मोजण्याआधी सगळ्यांचे पंजे सारखेच पुसा. पंजा बुडवायची रेघ घोट्याच्या हाडावर पहिल्याच मोजणीच्या वेळी काढून ठेवा.

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी लागते. मार्करची मोजणी आणि विसरणाचा प्रयोग नीट जमल्याशिवाय या पायरीवर येऊच नये असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न: एकाच जेलची श्यानता दोन प्रयोगशाळांत दुप्पट वेगळी आली.

उत्तर: ब्रुकफिल्डचा (श्यानतामापकाचा) स्पिंडल, म्हणजे फिरणारी दांडी, फेरे आणि तापमान दोघांनी सारखे ठेवले होते का? कार्बोपोलचे जेल वेग वाढला की पातळ होते, त्यामुळे या तीन गोष्टींशिवाय श्यानतेचा आकडा निरर्थक आहे. टॉर्क १० ते १०० टक्क्यांच्या मध्ये असावा आणि नमुना भांड्यात भरल्यावर निदान अर्धा तास स्वस्थ ठेवावा. काचपट्टीवरच्या पसरणक्षमतेचेही तेच. ५० ग्रॅम वजन, ७.५ सेंटिमीटर अंतर आणि १० सेकंद म्हणजे ३७.५ ग्रॅम-सेंटिमीटर प्रति सेकंद, पण हा आकडा त्याच पट्ट्यांवर काढलेल्या दुसऱ्या जेलशीच ताडता येतो.

प्रश्न: घरी कोरफडीचा गर आणि पानांचा रस एकत्र करून लालसर त्वचेवर लावणे सुरक्षित आहे का?

उत्तर: कोरफडीचे पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी पूर्ण निथळू द्या, त्यातले अ‍ॅलोइन त्वचेला झोंबते. मिश्रण ताजे करा आणि उरलेले टाकून द्या. त्यात जंतुरक्षक नाही, आणि पाणी व साखर असलेल्या गरात जंतू भराभर वाढतात. विकायच्या जेलला दर ग्रॅममध्ये एकूण जिवाणू १०० पर्यंत आणि बुरशी-यीस्ट १० पर्यंतच चालतात, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्युडोमोनस एरुजिनोसा तर एकही नाही. घरच्या वाटीत ही हमी कोणी देऊ शकत नाही.

फुटलेल्या, पाझरणाऱ्या त्वचेवर आणि लहान बाळांना लावू नका. अंजिराच्या पानांत सोरालेन असते. ते लावून उन्हात गेल्यास फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. झेंडूच्या कुळातल्या वनस्पतींनी काहींना अ‍ॅलर्जी होते. नवे काही लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून ४८ तास पाहा आणि ७२ तासांनी पुन्हा एकदा पाहा, कारण अ‍ॅलर्जीची लाली उशिरा उमटते. लालीबरोबर ताप असेल, पू असेल किंवा ती वेगाने पसरत असेल तर कोणतेही जेल न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.